पहिल्या उड्डाणाची माणसे



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला इतिहासावर बोलायला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा सिंदखेडराजा असावे. नाहीतर खामगावच्या कापूसबाजाराचा किंवा जिनिंग-प्रेसिंगमधल्या मजुरांच्या लढ्यांचा इतिहास असावा. आम्ही विषय कळवला तो ‘नव्या विमानाचे पहिले उड्डाण करणारे वैमानिक’. चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. आपल्या अमडापूरच्या माणसाला विमान दिसते ते कपाशीत डवरणी करताना घाम पुसायला मान वर केली म्हणजे. ते कोणी बनवले, आणि बनवल्यावर ते उडेल की पडेल हे ठाऊक नसताना त्यात पहिल्यांदा कोण बसले, हा प्रश्न खालून पाहणाराला पडत नाही. आम्हांलाही तो पडला नव्हता. तो पडायला एका जिनातला एक रूळ कारण झाला.

ती हकीकत आधी सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामावर. सतराव्या वर्षी आम्ही एका जिनात कामाला लागलो. दिवाळीआधी, हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, सारे रेचे उघडून दुरुस्त करीत. रूळ बदलायचे, पात्या घासायच्या, पट्टे ताणायचे. मग एक दिवस मुकादम म्हणे, “चालू करा.” त्या क्षणी यंत्राजवळ उभे राहण्याचे काम नेहमी एकाच माणसाकडे येई. त्यांना सारे दाजी म्हणत. दाजी कान लावून यंत्राचा आवाज ऐकत, हाताच्या तळव्याने धक्के मोजत, आणि मग मान हलवीत. एका वर्षी दुरुस्ती अर्धी राहिली होती. दाजींनी सांगितले की अजून एक दिवस द्या. गाड्या दारात उभ्या होत्या, मालकाला घाई होती. यंत्र चालू झाले, पट्टा सुटला आणि दाजींचा उजवा हात कोपरापासून गेला. चौकशीत विचारले गेले, हे यंत्र चालवण्यास योग्य आहे असे कोण म्हणाले? कोणीच म्हटलेले नव्हते. कोठेही सही नव्हती. कागदावर दाजींचे नाव होते ते निष्काळजी कामगार म्हणून.

त्या खटल्यासाठी कारखाना-कायद्याची पुस्तके चाळता चाळता विमानांच्या कारखान्याविषयी एक लेख आमच्या हाती आला. त्यात वाचले की विमान जमिनीवरून उचलण्याआधी जोडणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि उडवणाऱ्याची सही झाल्याशिवाय चाक हलत नाही. आपल्या हवाई दलात या वहीला ‘फॉर्म ७००’ म्हणतात. इंग्रजांच्या हवाई दलापासून चालत आलेली ती रीत आहे. आम्ही मनात म्हटले, जगात असाही एक कारखाना आहे की जिथे दाजींना आधी विचारतात! पुढे अधिक वाचल्यावर कळले की तिथेही नेहमीच विचारतात असे नाही. पण ते पुढे येईल.

तर हा चाचणी-वैमानिक काय करतो? शेतकऱ्यांना सांगायचे तर नवा गोऱ्हा पहिल्यांदा जुंपण्यासारखे ते काम आहे. फरक इतकाच की गोऱ्हा बिथरला तर शेतकरी उडी मारून बाजूला होतो. नवे विमान प्रथम जमिनीवरच पळवून पाहतात. ब्रेक लागतो का, नाक सरळ राहते का, हे आधी पाहायचे. मग कधीतरी चाके जमीन सोडतात. पण पहिले उड्डाण हा चाचणीचा सर्वांत लहान भाग. खरे काम त्यानंतर महिनोन्‌महिने चालते. विमानाच्या पंखाला हवा एका ठरावीक कोनात लागते तोवर तो उचल देतो. नाक फार वर केले की हवा पंखावरून सुटते आणि उचल एकाएकी जाते. एक पंख दुसऱ्याआधी पडला तर विमान भोवऱ्यासारखे गिरकी घेत खाली येते. शिकाऊ पोरगा कधी ना कधी ही चूक करणारच. म्हणून कोणीतरी जाणत्या माणसाने ती चूक आधी मुद्दाम करून पाहावी लागते. किती वेढे झाले, किती उंची गेली, कोणता पाय किती दाबला तेव्हा विमान ताळ्यावर आले, हे सारे मांडीवरच्या वहीत टिपावे लागते. वेग वाढवत नेला तर कोणत्या वेगाला पंख थरथरतो तेही असेच पाहायचे. थरथर थोडी असतानाच परत फिरायचे, ती वाढली तर परत फिरायला पंखच उरत नाही. धाडस या शब्दाने आम्ही या कामाचे वर्णन करणार नाही. हे पावलापावलाने, टिपणे घेत, भीतीच्या काठापर्यंत जाऊन परत येण्याचे काम आहे; आणि परत येऊन ‘हे विमान अजून योग्य नाही’ असे साहेबाच्या तोंडावर सांगण्याचे.

विलायतेत या कामाची परंपरा जुनी. लंडनच्या उत्तरेस हॅटफील्ड नावाचे गाव आहे. तिथे डी हॅव्हिलंड कंपनीचा कारखाना आणि धावपट्टी होती. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले, ते याच कंपनीच्या ‘पस मॉथ’ विमानातून. कंपनीचे मालक सर जेफ्री डी हॅव्हिलंड. त्यांचे दोन मुलगे कारखान्यातच चाचणी-वैमानिक होते. धाकटा जॉन १९४३ साली चाचणी चालू असताना दोन विमाने एकमेकांवर आदळून गेला. थोरला जेफ्री २७ सप्टेंबर १९४६ रोजी ध्वनीच्या वेगाजवळ जाणारे बिनशेपटीचे विमान तपासत असताना टेम्स नदीच्या मुखावर ते विमान फुटून गेला. मालक आणि मजूर यांच्या भांडणात आमची उभी हयात गेली. मालकांविषयी दोन चांगले शब्द आमच्या तोंडून सहसा निघत नाहीत. पण स्वतःच्या कारखान्याचा माल आधी स्वतःच्या पोरांना वापरायला देणारा मालक आम्ही दुसरा पाहिला नाही. ती धावपट्टी १९९४ च्या सुमारास बंद झाली. आज तिथे घरे आहेत, कचेऱ्या आहेत, एका विद्यापीठाच्या इमारती आहेत.

लंडनच्या दुसऱ्या बाजूला फार्नबरो. १९०८ साली ब्रिटनमधले एंजिनाच्या विमानाचे पहिले उड्डाण तिथे सॅम्युएल कोडी याने केले आणि १९१३ साली तो आपल्याच नव्या विमानात मेला. या फार्नबरोला दुसऱ्या महायुद्धानंतर चाचणी-वैमानिकांची शाळा होती. १९४३ साली दुसरीकडे निघालेली ही शाळा १९४७ ते १९६८ या काळात फार्नबरोला होती, आणि आपले पहिल्या पिढीतले चाचणी-वैमानिक विद्येसाठी या शाळेत जात. तिथेच ६ सप्टेंबर १९५२ रोजी विमानांच्या प्रदर्शनात जॉन डेरी हा नामांकित वैमानिक आणि त्याचा जोडीदार टोनी रिचर्ड्‌स यांचे विमान लोकांच्या डोळ्यांदेखत आकाशात तुटले. एंजिने टेकडीवर बसलेल्या गर्दीत येऊन पडली. ते दोघे गेलेच, पाहायला आलेले २९ लोकही गेले. योगायोग असा की बरोबर चार वर्षांपूर्वी त्याच तारखेला डेरीने ध्वनीचा वेग ओलांडला होता. असे करणारा तो पहिला इंग्रज. धावपट्टी साफ झाल्यावर नेव्हिल ड्यूक याने आपले ‘हंटर’ विमान ठरल्याप्रमाणे वर नेले. हीच हंटर विमाने पुढे आपल्या हवाई दलाने घेतली आणि १९६५ व १९७१ च्या युद्धांत वापरली. त्या अपघातानंतर प्रेक्षकांच्या डोक्यावरून आणि त्यांच्या दिशेने कसरती करण्यावर इंग्रजांनी कडक नियम घातले. कारखाना-कायद्याची कलमे ज्यांनी वाचली आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. प्रत्येक कलमाखाली कोणीतरी पुरलेले असते.

आता आपल्या देशाकडे वळू. इथे कोणीतरी उठून विचारणार, शिवकर बापूजी तळपदे यांचे काय? मुंबईच्या चौपाटीवर १८९५ साली त्यांनी विमान उडवले असे सांगतात. आम्हीही तरुणपणी हे छाती काढून सांगत असू. तळपदे यांनी खटपट केली याबद्दल आम्हांला आदर आहे. पण त्या उड्डाणाचा खात्रीचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या ग्रंथाचा आधार अशा गोष्टींना देतात, त्याची तपासणी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली केली. ग्रंथ विसाव्या शतकातलाच आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निर्वाळा आहे. ज्याच्या उड्डाणाची नोंद आहे, वही आहे, साक्षीदार आहेत, त्या मराठी माणसाच्या विमानाचे नाव मात्र आपल्या पोरांना सांगता येत नाही, याची खंत आम्हांला अधिक वाटते.

ती गोष्ट सोलापूरच्या वालचंद हिराचंदांपासून सुरू होते. १९३९ साली प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यापाऱ्याशी गाठ पडली आणि हिंदुस्थानात विमानांचा कारखाना काढायचे ठरले. म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवल दिले. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. वालचंद भांडवलदार होते आणि नफ्यासाठीच आले होते, हे आम्ही विसरत नाही. पण आगबोट, मोटार आणि विमान या तिन्ही गोष्टी इथे बनल्या पाहिजेत असा हट्ट धरणारा तो माणूस होता, हेही खरे. १९४१ च्या पावसाळ्यात तिथे जोडलेले पहिले विमान उडाले, १९४२ च्या जुलैअखेर ‘हॉक’ जातीचे पहिले लढाऊ विमान उडाले. त्याआधीच, १९४२ च्या एप्रिलमध्ये, जपान दाराशी आल्यावर सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला होता. मग कारखाना अमेरिकन सैन्याच्या हाती गेला आणि तिथे मोडकी बाँबफेकी विमाने दुरुस्त होऊ लागली. युद्ध संपल्यावर काम आटले. ज्या हातांनी विमानाच्या पत्र्यावर रिव्हेट मारले, त्यांनीच मग रेल्वेचे डबे बनवले. आमच्या लेखी ही त्या कारखान्याच्या इतिहासातली मानाची गोष्ट आहे. कामगार टिकला म्हणून पुढे विमान झाले.

त्या कारखान्यात विष्णु माधव घाटगे नावाचे अभियंते होते. जन्म १९०८ चा, कोल्हापूरकडच्या हसूरचंपू गावचा. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्‌ल या हवेच्या शास्त्रातल्या सर्वांत मोठ्या गुरूच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. गडहिंग्लज तालुक्यातल्या खेड्यातून प्रांट्‌लच्या प्रयोगशाळेत! स्वातंत्र्यानंतर त्यांच्या हाताखाली शिकाऊ वैमानिकांसाठी दोन आसनांचे एक साधे, दणकट विमान आखले गेले. त्याचे नाव एच. टी. २. एंजिन होते डी हॅव्हिलंडचे ‘जिप्सी मेजर’. ज्या घराने दोन मुले चाचणीत गमावली त्या घरचेच एंजिन. ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते बंगलोरच्या धावपट्टीवरून उडाले आणि ते उडवणारे होते कारखान्याचे मुख्य चाचणी-वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी.

हिंदी माणसाने आखलेले, हिंदी कामगारांनी बनवलेले एंजिनाचे विमान हिंदी वैमानिकाने उडवले ते असे. पंतप्रधान कोण होते, संरक्षणमंत्री कोण होते हे पोरे घडाघडा सांगतात. मुन्शी हे नाव आम्ही अमडापूर, चिखली, मेहकर इथल्या शाळांतल्या मास्तरांना विचारून पाहिले. घाटग्यांचे नाव दोघांना ठाऊक होते, मुन्शींचे एकालाही नाही. एच. टी. २ ची दीडशेहून अधिक विमाने झाली. पुढची तीसेक वर्षे हवाई दलातली मुले त्यावरच पहिले धडे गिरवीत होती. त्यांतल्या प्रत्येकाने गिरकीतून विमान सोडवण्याचा जो धडा पाठ केला तो आधी कोणीतरी रिकाम्या आकाशात करून पाहिला होता, हे त्यांतल्या कितीजणांच्या ध्यानात राहिले असेल कोण जाणे. घाटग्यांच्याच नेतृत्वाखाली पुढे ‘पुष्पक’, ‘कृषक’ आणि जेट एंजिनाचे ‘किरण’ ही विमाने आली. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७२ साली तर पिकांवर औषध फवारणारे ‘बसंत’ नावाचे विमान त्या कारखान्याने उडवले; बोंडअळीने गांजलेल्या आमच्या कास्तकारांनी ते नाव ऐकायला हवे होते, पण असो.

आता ज्यांच्याविषयी आम्हांला विशेष बोलायचे आहे त्यांच्याकडे येतो. ग्रुप कॅप्टन सुरंजन दास. बंगाली. देशाचे सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांचे चिरंजीव. आमच्या वर्गातला माणूस नव्हे. बापाच्या नावावर खुशाल सावलीत बसता आले असते. ते हवाई दलात गेले, चाचणी-वैमानिकांच्या विलायती शाळेत शिकून आले आणि बंगलोरच्या धावपट्टीवर रुजू झाले.

१९५६ साली भारत सरकारने कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याला बोलावले. युद्धात जर्मनीचे गाजलेले लढाऊ विमान त्याने आखले होते, आणि विशेष म्हणजे आपली विमाने तो स्वतः उडवून पाहत असे. त्याने आणि आपल्या माणसांनी मिळून ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे विमान आखायला घेतले. नाव ‘मारुत’. पण पंखांचा घाट बरोबर आहे का हे कळणार कसे? हातात साधनसामग्री तुटपुंजी. तेव्हा त्यांनी एक मौजेची युक्ती केली. त्याच आकाराचे, पूर्ण मापाचे, बिनएंजिनाचे लाकडी विमान तयार केले. १९५९ साली डकोटा विमानाला दोर बांधून ते वर ओढून न्यायचे आणि सोडून द्यायचे. आत वैमानिक. जेट विमानाच्या घाटाचे ते लाकडी पाखरू घसरत घसरत खाली आणायचे आणि दर खेपेस टिपणे लिहायची. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा सुतारांचा विचार मनात आला. तो पंख ज्याने रंधला असेल तो सुतार धावपट्टीच्या कडेला उभा राहून वर पाहत असेलच की नाही?

१७ जून १९६१ रोजी दासांनी खरा मारुत उडवला. आठवड्याने, २४ जूनला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यासमोर पुन्हा उडवून दाखवला. वर्तमानपत्रांत आला तो हा दुसरा दिवस. कामगाराला दोन्हींतला फरक लगेच समजतो. मंत्री येतात तेव्हा यंत्र आधी चालून झालेले असते.

विमान उत्तम होते, पण त्याला जोगे एंजिन मिळाले नाही. ब्रिस्टलच्या कारखान्यात ज्या जोरदार ‘ऑर्फियस’ एंजिनाचा भरवसा धरला होता, त्याचे काम पुरे करायला इंग्रजांनी पैशांचा वाटा मागितला. आपल्या सरकारने तो दिला नाही. मग कमी जोराची त्याच जातीची दोन एंजिने बसवली. दुप्पट वेगाचे म्हणून आखलेले विमान ध्वनीच्या वेगाच्या आसपासच राहिले. दुसऱ्या एंजिनाचा शोध सुरू झाला. इजिप्तमध्ये एक एंजिन तयार होत होते. आपले विंग कमांडर कपिल भार्गव तिकडे गेले, आणि ७ मार्च १९६४ रोजी कैरोजवळच्या हेलवान इथून इजिप्तचे एच. ए. ३०० हे नवे विमान पहिल्यांदा उडवले ते त्यांनी. दुसऱ्या देशाचे पहिले लढाऊ जेट भारतीय माणूस उडवतो, हे आम्हांला तरी मोठे वाटते. पण इजिप्तने तो खटाटोपच पुढे सोडून दिला.

त्याच वर्षी ४ सप्टेंबरला दासांनी किरण विमानाचे पहिले उड्डाण केले. घाटग्यांची आखणी, दासांचा हात. मारुतच्या बाबतीत मात्र आता एकच वाट उरली होती. आहे त्याच एंजिनाच्या मागच्या नळीत पुन्हा इंधन जाळायचे आणि जोर वाढवायचा. चुलीत फुंकणी घालण्याचा प्रकार. जोर वाढला, पण त्यासाठी विमानाची शेपटाकडची बाजू रुंद करावी लागली आणि हवेचा अडथळाही वाढला. दहा वर्षांपूर्वी न दिलेल्या पैशाची भरपाई कारागिरीने करू पाहण्याचा तो प्रयत्न होता. हे विमान तपासायला दास बसले. १० जानेवारी १९७० रोजी बंगलोरच्याच धावपट्टीवरून उडतेवेळी ते कोसळले आणि दास गेले.

हा दोष कोणाचा असे विचारले तर एका माणसाकडे बोट दाखवता येत नाही. कोणी मुकादमाने घाई केली असेही म्हणता येत नाही. पण आमच्या धंद्यात आम्ही एक गोष्ट शिकलो. वरच्या कचेरीत कागदावर जी काटकसर होते तिची किंमत खाली शेवटच्या माणसाला द्यावी लागते, आणि विमानाच्या कारखान्यात हा शेवटचा माणूस आसनावर पट्टे आवळून बसलेला असतो. दास असो की दाजी, त्या क्षणी दोघांची जागा एकच.

मारुत एकूण १४७ झाले. १९७१ च्या डिसेंबरात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी काम केले आणि वैमानिक त्यांच्या दणकटपणाविषयी गौरवाने बोलत. १९९० च्या सुमारास ते सेवेतून गेले. दासांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १९७३ साली, हवाई दलाने चाचणी-वैमानिकांची स्वतःची शाळा बंगलोरला काढली.

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक धावपट्टी आहे, नाशिकजवळ ओझरला. १९६२ साली रशियाशी मिग विमानांचा करार झाला. पुढे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना सांगाडा ओझरला, एंजिन ओरिसात कोरापूटला आणि विद्युत-उपकरणे हैदराबादला अशी वाटणी झाली. १९८४ साली अंतराळात जाऊन आलेले राकेश शर्मा परतल्यावर काय करीत होते, हे कितीजणांना माहीत आहे? १९८७ पासून ते ओझरच्या कारखान्यात मुख्य चाचणी-वैमानिक होते, आणि तिथे एका मिग विमानाच्या चाचणीत ते मरता मरता वाचले. अंतराळातले आठ दिवस देशाला पाठ आहेत. ओझरच्या वर्षांविषयी कोणी बोलत नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग २१ निवृत्त झाले, आणि तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरला बनलेले पहिले ‘तेजस’ तिथूनच उडाले. हे तेजस घराणे २००१ च्या ४ जानेवारीला बंगलोरला पहिल्यांदा उडाले होते. ते उडवणारे विंग कमांडर राजीव कोठियाल. अठरा मिनिटे वर होते.

हे काम आता निर्धोक झाले असे कोणी समजू नये. ६ मार्च २००९ रोजी ‘सरस’ या प्रवासी विमानाच्या चाचणीत, हवेत बंद केलेले एंजिन पुन्हा सुरू करून पाहताना, विंग कमांडर प्रवीण कोटेकोप्पा, विंग कमांडर दीपेश शहा आणि स्क्वाड्रन लीडर इलायाराजा हे तिघे बंगलोरजवळ बिडदीला गेले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी सुधारून दिलेले मिराज विमान हाती घेण्याआधी तपासताना स्क्वाड्रन लीडर समीर अबरोल आणि सिद्धार्थ नेगी दासांच्याच धावपट्टीवर गेले. नावे एवढ्यासाठी वाचून दाखवली की सभेत ती मोठ्याने उच्चारली जावीत. आमच्या संघटनेच्या वार्षिक सभेत वर्षभरात कामावर गेलेल्यांची नावे उभे राहून वाचतात, त्याच रीतीने.

काही वर्षांपूर्वी कामगारांच्या एका परिषदेसाठी बंगलोरला जाणे झाले. मंडळी लालबाग पाहायला गेली, आम्ही विमान-कारखान्याच्या संग्रहालयात गेलो. जाताना बसच्या वाहकाने हाक दिली, “सुरंजन दास रोड!” उतरणारे उतरले. कोणाचे नाव म्हणून शेजारच्या गृहस्थांना विचारले, तर ते म्हणाले, कोणी पुढारी असतील. त्याच भागात घाटग्यांच्या नावाचे एक सभागृहही आहे. संग्रहालयात एच. टी. २ आहे, मारुत आहे. मारुतजवळ आम्ही बराच वेळ उभे होतो. पोटाखालच्या पत्र्यावर रिव्हेटांच्या रांगा इतक्या सरळ, की आमच्या गावच्या हरबऱ्याच्या पेरणीची आठवण झाली. रखवालदार वयस्क होता. तो म्हणाला, “माझा बाप इथे फिटर होता. नवे विमान वर गेले की ते परत खाली उतरेपर्यंत तो डबा उघडत नसे.”

दाजींचा खटला आम्ही अर्धा जिंकलो. भरपाई मिळाली, निष्काळजीचा शेरा गेला. त्यानंतर आम्ही मागणी लावून धरली की दुरुस्तीनंतर यंत्र चालू करण्याआधी वहीत तीन सह्या झाल्या पाहिजेत : दुरुस्त करणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि चालवणाऱ्याची. वाटाघाटींत मालकाच्या वकिलांनी विचारले, “हे कोठून काढलेत? हा काय विमानाचा कारखाना आहे?” आम्ही म्हणालो, “होय, तिथूनच काढले.” दोन हंगामांनी मागणी मान्य झाली. वहीच्या पहिल्या पानावर तिसऱ्या रकान्यात डाव्या हाताची वाकडीतिकडी सही आहे. दाजींना यंत्रावर पुन्हा घेतले नव्हते, पण आवाज ऐकून सांगायला त्यांनाच बोलावीत. पुढे तो जिन बंद पडला. कागदपत्रे रद्दीत निघाली तेव्हा ती वही आम्ही मागून घेतली. आज बरोबर आणली आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहायची असेल त्यांनी टेबलाजवळ यावे.